चालेल?

आमच्या घराच्या मागच्या चौकात एक कोनाडा आहे. पूर्वी त्यात आईचे रॉकेलचे डबे असत. गेली चाळीस वर्षे तिथे माझे पान्हे आणि पकडी, टायर उघडायच्या दोन लोखंडी पट्ट्या, पंक्चरच्या सोल्युशनची नळी, कानस, खडू आणि ट्यूब बुडवून पाहायचे एक घमेले, असा संसार मांडलेला आहे. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातले हे घर. आम्ही तीन पिढ्यांपासून इथले मराठी, शेजार बहुतेक गुजराती, आणि ह्या कोनाड्याची बोली म्हणजे दोहोंची खिचडी. नटाला इथे ‘चाकी’ म्हणायचे, स्क्रू-ड्रायव्हरला ‘डिसमिस’ आणि पान्ह्याला ‘पानुं’. आई शेवटपर्यंत ‘पान्हा’च म्हणत असे, मुलगा ‘पानुं’ म्हणतो, आणि मी समोर कोण उभे आहे ते पाहून बोलतो.

मी धंदेवाईक मेकॅनिक नव्हे. नोकरी एका कारखान्याच्या देखभाल खात्यात केली. संध्याकाळी घरी आलो की हात शिवशिवत. आधी स्वतःची स्कूटर उघडली, मग भावाची, मग शेजाऱ्यांची. हळूहळू सगळ्या गल्लीला ठाऊक झाले की पंक्चर झाले, ब्रेक लागेनासा झाला, क्लचची तार तुटली, की ह्या घराची कडी वाजवायची. पैसे मात्र कधी कोणाकडून घेतले नाहीत. त्याचा मला अभिमान होता. किती होता, ते मला फार उशिरा कळले.

ह्या चाळीस वर्षांत माझ्या चौकात जो शब्द सर्वांत जास्त वेळा उच्चारला गेला, त्याविषयी मला आज चार गोष्टी बोलायच्या आहेत. तो शब्द म्हणजे ‘चालेल’. गुजरातीत ‘चालशे’. तुम्ही नंदुरबारकडचे असाल तर दोन्ही ओळखाल. बेळगाव-धारवाडकडच्या वाचकांना कानडीतले ‘नडीतैति’ आठवेल आणि विदर्भाच्या टोकाला राहणाऱ्यांना हिंदीतले ‘चलेगा’. गंमत अशी की ह्या चारही भाषांत त्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, गाडी चालेल, चाक फिरेल. दुसरा, एवढ्यावर भागेल, हरकत नाही. पहिला अर्थ वस्तूविषयी बोलतो, दुसरा आपल्या मनाविषयी. आणि बोलताना आपण कोणत्या अर्थाने बोललो, हे पुष्कळदा आपले आपल्यालाही समजत नाही.

ह्या शब्दाविरुद्ध माझी मुळात काही तक्रार नाही. आपली मध्यमवर्गीय घरे ह्याच शब्दावर उभी राहिली. थोरल्याचा सदरा धाकट्याला चालेल. जुन्या लुगड्यांची गोधडी चालेल. वहीची कोरी राहिलेली पाने शिवून कच्ची वही चालेल. टाकून देण्याऐवजी नीट करून वापरणे ह्यात शहाणपण आहे आणि वस्तूविषयीचा आदरही आहे. खंडेनवमीला आम्ही ह्या कोनाड्यातल्या पान्ह्या-पकडींना झेंडू वाहतो, तो काही केवळ रिवाज म्हणून नव्हे. मोडलेले जोडता येते, ह्या विश्वासाची ती पूजा असते.

पण ह्याच शब्दाने माझ्या हातून एक गोष्ट घडवली, ती आता सांगतो.

1988 सालचा श्रावण असावा. आमच्या पलीकडच्या पोळात एक शाळामास्तर राहत. गुजराती, अतिशय सज्जन आणि महिन्याच्या वीस तारखेनंतर नेहमी ओढगस्तीत. त्यांच्याकडे चेतक स्कूटर होती. त्या काळी स्कूटर म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहून घरात आलेली लक्ष्मीच. तीवर पुढे मुलगा उभा, मध्ये मास्तर आणि मागे एका अंगाला पाय सोडून भाभी बसलेल्या, असे ते कुटुंब संध्याकाळी दिसायचे. एके दिवशी मागचे चाक बसले म्हणून मास्तर स्कूटर ढकलत माझ्याकडे घेऊन आले.

मी ट्यूब काढली. पंक्चर साधेच होते. पण टायरच्या आतून बोट फिरवले तेव्हा खांद्याजवळ बोटाच्या पेराएवढी चीर लागली. दोरे तुटलेले होते. टायरचे बळ वरच्या रबरात नसते, ते आतल्या नायलॉनच्या दोऱ्यांत असते. रबर रस्ता धरते, दोरे हवेचा दाब धरतात. दोरे तुटले की त्या जागी ट्यूब बाहेर येऊ पाहते. हे मला त्या दिवशीही ठाऊक होते. मी जुन्या टायरचा एक तुकडा कापला, कडा तासून पातळ केल्या आणि तो चिरेवर आतून बसवला. आम्ही त्याला ‘गेटर’ म्हणतो. वर ट्यूब घातली, हवा भरली. चाक गोल दिसले. मास्तरांनी विचारले, “भाई, चालशे ने?” मी हात पुसत म्हणालो, “चालशे, चालशे. दिवाळी सुधी आरामथी चालशे.”

तीन आठवड्यांनी मकरपुऱ्याच्या रस्त्यावर तो टायर फुटला. मास्तरांनी कशीबशी स्कूटर सावरली. मुलगा त्या दिवशी बरोबर नव्हता. भाभी मात्र उजव्या हातावर पडल्या. मनगट दोन ठिकाणी मोडले. प्लास्टर निघाल्यावर हाड जुळले, पण किंचित तिरके. रोजचा व्यवहार होई, लाटणे मात्र पूर्वीसारखे फिरेना.

मी भेटायला गेलो तेव्हा काय बोलायचे ते ठरवून गेलो होतो. ते बोलायच्या आतच मास्तर म्हणाले, “एमां तमारो शो वांक? तमे तो मफतमां करी आपेलुं.” ह्यात तुमचा काय दोष, तुम्ही तर फुकट करून दिले होते. ते मनापासून म्हणाले. मी चहा घेतला आणि उठून आलो. चिरेविषयी बोललो नाही.

त्या दिवाळीला रिवाजाप्रमाणे त्यांच्या घरून फराळाचे ताट आले. भाभींच्या हातचे मठिया आमच्या गल्लीत प्रसिद्ध. इतके पातळ की उजेडाकडे धरले तर पलीकडची बोटे दिसावीत. त्या वर्षी ते जाड होते. आमच्या घरात कोणी काही बोलले नाही.

आता ह्या गोष्टीत चूक नेमकी कुठे झाली, ह्याचा विचार मी त्यानंतर पुष्कळ केला. गेटर बसवणे ही चूक होती का? तांत्रिक दृष्ट्या होती. दोरे तुटलेल्या जागी तो तुकडा ट्यूबवर घासत राहतो, वजन मागच्या चाकावर जास्त, टायर वाकतो तसतसा तापतो, आणि एक दिवस फाटतो. तरीपण त्या काळी हजारो गाड्या अशा चालत होत्या, आणि अडल्या वेळी दुकानापर्यंत पोचायला अशी जोडणी करावीही लागते. माझी खरी चूक गेटरच्या नंतरची होती. मी एक गोष्ट पाहिली होती, ती सांगितली नाही. आणि एक गोष्ट मला ठाऊक नव्हती, ती सांगितली. चीर पाहिली होती. दिवाळीपर्यंत चालेल की नाही, हे मलाच काय, कोणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते.

मग मी तसे का बोललो? पहिल्यांदा मी स्वतःला समजावले की दयेपोटी. महिनाअखेर होती, नव्या टायरचे नाव काढले असते तर मास्तरांचा चेहरा पडला असता. हे खोटे नव्हे. पण अर्धेच खरे. उरलेले अर्धे असे की ‘ह्यांच्याकडे नेले की गाडी चालू होते’ ही माझी गल्लीतली कीर्ती होती. ‘हे माझ्याने होणार नाही, नवा टायर घ्या’ असे म्हणण्यात तिला डाग लागला असता. म्हणजे वरून दया होती, आतली हवा अहंकाराची.

आणि मग मास्तरांचे ते वाक्य. फुकट केले म्हणून दोष नाही. ते वाक्य मला वर्षानुवर्षे टोचत राहिले, ते त्यांनी क्षमा केली म्हणून नव्हे. त्यांच्याजवळ क्षमेशिवाय दुसरे काही उरलेच नव्हते म्हणून. बाजारातल्या मेकॅनिकने दहा रुपये घेऊन असे केले असते, तर मास्तर दुकानावर जाऊन भांडले असते. पैसे देणाऱ्याला जाब विचारायचा हक्क असतो. मी पैसे न घेता तो हक्कच त्यांच्याकडून काढून घेतला होता. उपकाराखाली दबलेला माणूस तक्रार करू शकत नाही. म्हणून जो फुकट काम करतो त्याची जबाबदारी कमी होत नाही, उलट दुप्पट होते. कारण समोरच्याच्या वतीने तक्रार करायचे कामही त्यालाच करावे लागते.

आपल्याकडे निष्काम कर्माचा मोठा गौरव आहे, आणि तो योग्यच आहे. पण घरगुती व्यवहारात आपण त्याचा एक सोयीचा अर्थ लावतो. मला फळ नको होते, म्हणून फळाचा जाब मला विचारू नका. ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. फळाची इच्छा सोडणे वेगळे आणि फळाची जबाबदारी सोडणे वेगळे. चाकाला काय ठाऊक, बसवणाऱ्याने पैसे घेतले की नाही? ते रस्त्याला आणि दाबाला तेवढे ओळखते.

पंक्चर काढणे हे काम मोठे शिकवणारे आहे. ज्यांनी ते कधी केले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडे येतात तिथे खूण करायची, कोरडी करून कानशीने ती जागा खरखरीत करायची, सोल्युशन लावायचे आणि थांबायचे. ते ओले असताना पॅच लावला तर तोही चिकटल्यासारखा दिसतो, पण चार दिवसांनी कड सुटते. सोल्युशन वाळून बोटाला जेमतेम चिकटेल इतके झाले की मग पॅच दाबायचा. पुढे टायरच्या आतून जपून बोट फिरवायचे, कारण ज्या खिळ्याने पंक्चर केले तो बहुधा अजून तिथेच असतो. शेवटी पट्टीच्या टोकाखाली ट्यूब चिमटली जाणार नाही अशा बेताने सगळे परत बसवायचे. थांबणे, बोट फिरवणे, चिमटा न बसू देणे, ह्या तिन्ही जागा मालकाला दिसत नाहीत. तो बाहेर उभा राहून फक्त हवा भरलेले चाक पाहतो.

ह्याच कामात आणखी एक जागा आहे. चेतकसारख्या स्कूटरच्या चाकाची लोखंडी रिम दोन भागांची असते. हे भाग जोडणारे नट सोडण्यापूर्वी हवा पूर्ण काढून टाकावी लागते. नाहीतर आतल्या दाबाने भाग उसळून सोडणाऱ्याच्या तोंडावर येतात. ह्या चाळीस वर्षांत हवा काढायला मी एकदाही विसरलो नाही. सोल्युशन वाळायची वाट पाहायला मात्र कितीदा तरी कंटाळलो. असे का, ह्याचे उत्तर लाजिरवाणे पण सरळ आहे. पहिल्या चुकीची शिक्षा माझ्या तोंडाला होती, दुसरीची दुसऱ्या कोणाला तरी, कुठल्यातरी रस्त्यावर, मी तिथे नसताना. नीतीचा प्रश्न म्हणतात तो मला वाटते इथेच सुरू होतो. स्वतःच्या तोंडासाठी जितके जपतो तितके न दिसणाऱ्या रस्त्यावरच्या माणसासाठी जपायचे, एवढाच तो आहे. फक्त करायला कठीण.

कायदा ह्यात थोडी मदत करतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 साली आले, म्हणजे आमच्या प्रसंगाच्या पुढच्याच वर्षी. त्यांत टायरच्या नक्षीची खोली किती उरली पाहिजे ते सांगितले आहे. दुचाकी आणि तीनचाकीला 0.8 मिलिमीटर, इतर वाहनांना 1.6 मिलिमीटर. 0.8 मिलिमीटर म्हणजे वहीचे साधारण आठ कागद एकावर एक. हे माप बाहेरून घेता येते, म्हणून कायद्यात बसते. आतल्या चिरेचे माप घ्यायला पोलीस येऊ शकत नाही. मास्तरांच्या त्या टायरवर नक्षी पुरेशी होती. त्या मापाने तो निर्दोष होता.

स्कूटरला पूर्वी स्टेपनी असायची. हा शब्द आपल्या सगळ्या भाषांत इतका मुरला आहे की तो कुठून आला हे कोणी विचारत नाही. वेल्समधल्या लानेली गावी स्टेपनी नावाच्या रस्त्यावर दोघा डेव्हिस बंधूंनी 1904 साली मोटारीला जोडायचे जादा चाक काढले. त्यापूर्वीच्या मोटारी जादा चाकावाचून धावत. त्या रस्त्याचे नाव आपल्याकडे येऊन वस्तूचेच नाव झाले. मला त्या जादा चाकाविषयी फार आदर आहे. गाडी बनवणाऱ्याने गाडीच्या अंगावरच बांधलेली ती एक कबुली असते: माझे चाक बसू शकते, मी ते लपवत नाही. मी मास्तरांना जे दिले, त्यात काम होते, कबुली नव्हती.

आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर कलाभवन आहे. सयाजीराव महाराजांनी ते 1890 साली स्थापन केले. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके तिथे शिकले. पण कलाभवनाची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. तिथले पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर ह्यांचा आग्रह होता की यंत्राचे आणि रंगाचे शास्त्र शिकणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेत शिकवले पाहिजे. ज्याला इंग्रजी येत नाही त्यालाही आपल्या हातातली वस्तू समजली पाहिजे. पुढे 1931 साली महाराजांनी ‘श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरु’ हा आठ भाषांचा राज्यव्यवहाराचा कोश प्रसिद्ध करवला. कचेरीतल्या शब्दाचा अर्थ सर्वांना सारखा कळावा, हा त्यामागचा हेतू. राजाने कचेरीच्या शब्दांची एवढी काळजी घेतली, आणि त्याच्याच गावात मी एका साध्या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळून एका बाईला रस्त्यावर पाडले. गज्जरांच्या आग्रहातून मी इतके घेतले की सांगणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे. ज्याची गाडी त्याला त्याच्या भाषेत तिची अवस्था कळली नसेल, तर काम अर्धेच झाले.

तेव्हा मी एक वही घातली. पानाला तीन रकाने. मराठी माणूस असेल तर ‘पाहिले, केले, राहिले’. गुजराती असेल तर ‘जोयुं, कर्युं, बाकी’. काम झाले की पान फाडून मालकाच्या हाती द्यायचे. आणि शक्य असेल तेव्हा त्याचा स्वतःचा हात टायरच्या आत घालायला लावायचा. “फिरवा बोट. काय लागते?” चीर बोटाला लागली की मला व्याख्यान द्यावे लागत नाही. ‘चालेल’ हा शब्द मी माझ्यापुरता टाकला. तो म्हणायचा हक्क ज्याचा जीव त्या गाडीवर बसणार आहे त्याचा. माझे काम, त्याला तो डोळसपणे म्हणता यावा इतके करून देणे.

काही वर्षे मला वाटले, प्रश्न सुटला. मग एक रिक्षावाला आला.

पुढचा टायर गुळगुळीत झालेला, एका जागी दोरे दिसू लागलेले. म्हणाला, “साहेब, आठ दिवस काढून द्या. हप्ता भरला की नवा घालतो.” मी त्याला बोट फिरवायला लावले, पान लिहून दिले. तो हसला. “मालूम है साहेब. चलेगा. जान मेरी है.” माझ्या नियमाप्रमाणे गोष्ट इथे संपायला हवी होती. जीव त्याचा, शब्द त्याचा. पण रिक्षाच्या मागे शाळेच्या पिशव्या अडकवायचे हूक होते. तो सकाळ-दुपार मुले नेत असे. तीनचाकीचे पुढचे चाक एकटेच. ते फुटले तर दिशा धरायला दुसरे चाक नाही. त्या मुलांच्या वतीने ‘चलेगा’ म्हणायचा हक्क त्याला कोणी दिला होता? आणि तो म्हणतो म्हणून मी पान्हा उचलला, तर मला तरी कोणी दिला?

इथे माझा नियम तोकडा पडला. सांगितले की सुटलो, असे नसते. सांगणे पुरेसे असते ते ऐकणारा स्वतःपुरता निर्णय घेत असेल तेव्हाच. ज्यांना विचारलेच गेले नाही असे लोक गाडीत बसणार असतील, तर त्यांच्या वतीने नाही म्हणणारा कोणीतरी असावा लागतो, आणि त्या वेळी चौकात माझ्याशिवाय दुसरे कोणी नव्हते. मी नाही म्हणालो. तो चिडला. गरिबाची अडचण तुम्हां लोकांना काय कळणार, असे म्हणाला, आणि त्यात तथ्य होते. नीतीच्या गोष्टी सांगणे ज्याच्या घरी पगार येतो त्याला सोपे असते. शेवटी मी त्याची स्टेपनी उतरवली. तिचा टायर जुना पण आतून धड होता. तो पुढे चढवला. खराब टायर स्टेपनीच्या जागी गेला, आणि त्यावर मी खडूने फुली मारली. नव्या टायरसाठी काही रक्कम उसनी दिली. ती परत आली नाही. टायर आला की नाही, तेही मला कळले नाही. त्याने ती फुली पुसून तोच टायर पुन्हा चढवला असेल, हेही शक्य आहे. माझ्या हाताने चढवला नाही, एवढेच मी म्हणू शकतो, आणि हे समाधान फार मोठे नाही हेही मला कळते.

कोणी म्हणेल, एवढा कीस काढला तर माणूस शेजाऱ्याला मदत करायचेच सोडून देईल. मलाही काही दिवस तसे वाटले होते. भाभींचा हात मोडला त्यानंतर सहा महिने मी कोनाड्याला हात लावला नाही. कोणी आले तर ‘वेळ नाही’ म्हणत असे. त्यातून कोणाचे भले झाले? लोक आणखी घाईने, आणखी बेफिकीर हातांकडे गेले. चूक झाली म्हणून हात आखडणे हाही अहंकाराचाच एक प्रकार आहे. मी निर्दोष राहिलो म्हणजे झाले, गाड्यांचे काही होवो.

2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला मोठा पूर आला, तेव्हा हे मला नीट समजले. नदीकाठच्या वस्त्यांत गाड्या दिवसेंदिवस पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी ओसरल्यावर माझ्या चौकात आणि बाहेर गल्लीत चिखलाने माखलेल्या स्कूटर्सची रांग लागली. घरात धान्य भिजलेले, कामावर जायचे तर वाहन नाही, आणि प्रत्येकाच्या तोंडी तोच प्रश्न: “काका, चालशे?” काही पोरे तर आधीच बटण दाबून किंवा किक मारून पाहत होती. त्यांना थांबवणे हेच पहिले काम. इंजिनात पाणी असताना ते फिरवले तर थोडक्यात भागणारे नुकसान मोठे होते. ऑइल काढून पाहायचे; दुधासारखे पांढरट असले तर पाणी मिसळले आहे. प्लग काढून वाळवायचा, ब्रेकचे ड्रम उघडून चिखल धुवायचा, चाकाच्या बेअरिंगमधले ग्रीस वाहून गेले असेल ते भरायचे. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने किती करावे? मी चार दिवसांत जमले तेवढे केले. पण पुष्कळ गाड्यांच्या पानांवर तिसरा रकाना पहिल्या दोघांहून लांब झाला. ‘बाकी: मागचे बेअरिंग. बाकी: ब्रेक पुन्हा पाहणे, तोवर हळू.’ लोक ती पाने घडी करून खिशात ठेवत होते. अपुरे काम दिल्याबद्दल कोणी मला बोलले नाही, आणि ह्या वेळी ते न बोलणे मला टोचले नाही. काय अपुरे आहे ते त्यांच्या खिशात होते.

आता बहुतेक गाड्यांचे टायर ट्यूबविना असतात. खिळा काढला, भोकात रबराची चिकट दोरी खुपसली, हवा भरली, पाच मिनिटांत मोकळे. सोय मोठी आहे, मी तिला नावे ठेवणार नाही. फक्त एक होते, टायर उघडलाच जात नाही, त्यामुळे आत बोट फिरतच नाही. स्कूटरवरून स्टेपनीही गेली. जग अधिक भरवशाचे झाले म्हणून गेली असेल. पण भरवसा वाढला की पाहणे कमी होते, आणि ही गोष्ट टायरपुरती राहत नाही. घरातल्या माणसांचेही आपण असेच करतो. वरून गोल दिसतात, चाललेले असतात. आत बोट फिरवायचे राहून जाते.

मास्तर आता नाहीत. भाभी आहेत. गेल्या खंडेनवमीला त्यांचा नातू स्कूटर घेऊन आला. ब्रेक आवळून दिला, तेवढ्यात मागच्या टायरकडे लक्ष गेले. टायरच्या बाजूवर कोरलेल्या आकड्यांत शेवटचे चार पाहायचे; पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन साल. टायर नऊ वर्षांचा होता. नक्षी बरी होती, पण रबराला बारीक भेगा पडलेल्या. मी पानावर ‘बाकी’खाली लिहिले. त्याने वाचले आणि विचारले, “काका, दिवाळी सुधी चालशे ने?”

तेच शब्द. त्याला अर्थातच काही ठाऊक नाही. मी म्हणालो, “ते तू सांगायचे. मागे कोण बसते?”

तो क्षणभर थांबला. म्हणाला, “दर पूनमे बाने मंदिर लई जाउं छुं.” मग त्याने पान खिशात टाकले आणि स्कूटर टायरवाल्याच्या रस्त्याला वळवली. चालवत नव्हे, ढकलत.

फराळाचे ताट त्यांच्या घरून अजून येते. मठिया आता सून लाटते, आणि ते पुन्हा पूर्वीसारखे पातळ असतात. मी मात्र दर दिवाळीला त्यातला एक उचलतो आणि उजेडाकडे धरून पाहतो.